दुसरी सही

सोमवार, ४ मार्च

मी डायरी लिहिणारा माणूस नव्हे. दुकानदाराने वर्षाच्या सुरुवातीला भेट दिलेली ही डायरी टिटवीने दार अडवायला वापरली होती. ती आज दाराखालून काढून घेतली. टिटवी म्हणजे आमची कन्या. नाव वेगळं आहे, पण पाळण्यात असताना तिने जो सूर लावला तो सतराव्या वर्षीही उतरलेला नाही.

कारण असं, की एका बाबतीत घरात तोंड उघडायचं नाही असं मी आज ठरवलं आहे, आणि पोटात काही ठेवायची मला सवय नाही. तेव्हा इथे ओतणार.

हिला, म्हणजे टिटवीच्या आईला, नोकरी चालून आली आहे. ही गावाबाहेरच्या छोट्या विमानतळावर फ्लाइंग क्लबची विमानं दुरुस्त करते. तिथे अडीच विमानं आहेत. अर्धं म्हणजे जे कायम उघडून ठेवलेलं असतं ते. गेली काही वर्षं हिने घर, नोकरी आणि माझी बडबड सांभाळून मोठ्या विमानांच्या परीक्षा दिल्या. आणि आज एका मोठ्या विमान कंपनीने तिला बोलावलं. कंपनीच्या शहरात, कंपनीच्या हँगरमध्ये, तपासनीस म्हणून. हँगर म्हणजे विमानांचं गॅरेज, असं मी लोकांना सांगतो आणि ही दर वेळी कपाळाला हात लावते. महिनाअखेरीच्या आत उत्तर द्यायचं, जूनमध्ये रुजू व्हायचं. हिच्या वयाला पुन्हा कोणी विचारणार नाही, हे तिनेच म्हटलं, अगदी सहज, केस बांधता बांधता.

शहर इथून गाडीने चार-पाच तास. म्हणजे जायचं तर बिऱ्हाडच हलवायचं. माझी ड्रायव्हिंग स्कूल इथे आहे. एक गाडी, एक मी.

पण मी ठरवलं आहे. शिकवण्याच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. बाकीचे मास्तर तो ऊठसूट दाबतात. मी दाबत नाही. शिकणाऱ्याला स्वतःची गाडी स्वतः थांबवता आली पाहिजे, हा माझा बाणा. त्यावरच माझं नाव झालं आहे. तेव्हा या निर्णयातही माझा पाय जमिनीवर. हिचं आयुष्य, हिचं स्टिअरिंग.

संध्याकाळी हिने विचारलं, "मग? तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, "तुझा निर्णय. तू म्हणशील तसं."

ही बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. भारावली असावी.

गुरुवार, ७ मार्च

हिने त्या शहराचा नकाशा आणला आहे. जेवणाच्या टेबलावर पसरला आणि चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. हँगर, दोन-तीन वस्त्या, टिटवीची कॉलेजं. एका भागात बारीक फुल्या होत्या. मी विचारलं नाही तरी हिने सांगितलं, "या तिथल्या ड्रायव्हिंग स्कूल. या बाजूला एकही नाही बघा. इथे तुमचं जमेल का?"

आता मी जमेल म्हटलं तर तो अॅक्सिलरेटर झाला. जमणार नाही म्हटलं तर ब्रेक. मी म्हटलं, "ते मागाहून. आधी तुझं ठरू दे."

नकाशाकडे मी नीट पाहिलंही नाही. मुद्दाम. पाहिलं की माझ्या चेहऱ्यावर दिसतं, आणि ही चेहरा वाचण्यात पटाईत. फक्त एवढंच दिसलं की मधोमध एक मोठा चौक आहे आणि त्याला सहा रस्ते येऊन मिळतात. सहा रस्ते कशाला लागतात कोणाला?

हिने वाट्या उचलल्या, नकाशा गुंडाळला. मग खरकटं नसलेल्या वाट्या पुन्हा घासल्या. दमली असेल.

रविवार, १० मार्च

आज सुट्टी. सहज गाडी काढून गावातून एक फेरी मारली. पोस्टाच्या कोपऱ्यावर पोस्टमनने हात केला, याला मी शिकवलं. पेट्रोल पंपावरची, ती दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा सुटली. शाळेच्या बसचा ड्रायव्हर, तो पूर्वी डावं म्हटलं की उजवीकडे बघायचा. या गावात स्टिअरिंग धरणारे निम्मे हात माझ्याच हाताखालून गेलेत. कुठल्या गल्लीत कुठला कुत्रा गाडीमागे धावतो आणि कुठपर्यंत धावतो, हेही मला पाठ. डोळे बांधले तरी घरी येईन.

हे इथे उगाच लिहिलं. त्या विषयाशी याचा काही संबंध नाही.

मी रोज सकाळी सध्या दातांच्या डॉक्टरबाईंना शिकवतो. पन्नाशी उलटलेल्या, हात स्थिर, पण रिव्हर्स म्हटलं की घाम फुटतो. दिवसभर ज्यांच्याशी बोलायचं त्यांच्या तोंडात कापूस, त्यामुळे उलट उत्तर ऐकायची त्यांना सवय नाही. माझ्यासारख्या, शिकवताना कमी बोलणाऱ्या मास्तरशी त्यांचं उत्तम जमायला हवं होतं. पण काल म्हणाल्या, "तुम्ही काही सांगतच नाही हो. मी बरोबर चाललेय की चुकतेय, कळायचं कसं?"

म्हटलं, "चुकलात की कळेल."

शनिवार, १६ मार्च

ही दोन दिवस शहरात जाऊन आली. कंपनीने हँगर बघायला बोलावलं होतं. जाताना म्हणाली होती, "चला की बरोबर. टिटवी राहील मावशीकडे." मी नाही म्हटलं. बरोबर गेलो असतो तर एखादा सुस्कारा सुटला असता, आणि या बाईचे कान असे, की इंजिनातला एक स्क्रू सैल असला तरी तिला पलीकडच्या खोलीत ऐकू येतं.

बसस्टँडवर घ्यायला गेलो. विचारलं, "प्रवास कसा झाला?"

"बरा."

मी पुढे काही विचारलं नाही. मनात होतं पुष्कळ. कुठे उतरलीस, काय जेवलीस, लोक कसे आहेत, तुला हसले तर नाहीत ना. सगळं गिळलं. हाताची घडी, तोंडावर बोट.

घरी टिटवीने मात्र आईला पिशवी खाली ठेवू दिली नाही. मग ही बोलायला लागली. हँगर एवढा मोठा की आपली सगळी गल्ली आत मावेल, वरच्या पाण्याच्या टाकीसकट. विमानाच्या शेपटीपर्यंत जायला जिना, आणि त्या जिन्यावर उभं राहिलं की खालची माणसं टाचणीएवढी. "मी शेपटीला हात लावला गं," असं म्हणताना तिने हात खरंच वर केला, आणि तो तसाच थोडा वेळ वर राहिला. लग्नाला वीस वर्षं होतील, पण हा चेहरा मी फार थोड्या वेळा पाहिला आहे.

मग ती माझ्याकडे वळली. मी उठून झाडांना पाणी घालायला गेलो. त्या चेहऱ्यापुढे बसलो असतो तर काहीतरी बोलून गेलो असतो. परत आलो तेव्हा ही कपडे धुवायला टाकत होती आणि टिटवी माझ्याकडे रागाने बघत होती. का, ते कळलं नाही. सतरा वर्षांच्या मुलींना रागावायला कारण लागत नाही.

मंगळवार, १९ मार्च

सकाळी चहाच्या वेळी हिने सांगितलं, "मी त्यांना 'नाही' कळवणार आहे."

मला काय वाटलं कोण जाणे, पण कप खाली ठेवताना बशीत चहा सांडला. मी म्हटलं, "तुझा निर्णय."

"हो. माझाच," ही म्हणाली आणि कामावर गेली.

दिवस छान गेला. डॉक्टरबाईंनी गाडी दोनदा बंद पाडली, तरी मला हसू येत होतं. दुपारी जेवण दुप्पट गेलं. पंधरा दिवस मान आखडली होती, तीही मोकळी झाली. याचा अर्थ मला आनंद झाला असा नाही.

खोटं कशाला लिहू? झाला. इतका झाला की नंतर आरशात दाढी करताना स्वतःचीच लाज वाटली. त्या वर गेलेल्या हाताची आठवण झाली आणि गालाला ब्लेड लागलं. पण मी तर काही केलं नाही ना? एक शब्द बोललो नाही. हो म्हणायलाही सांगितलं नाही आणि नाही म्हणायलाही. मग हे अपराध्यासारखं का वाटावं?

संध्याकाळी टिटवीला कळलं. तिने दार आपटलं, मग पुन्हा उघडून बाहेर आली, कारण आपटून बोलायचं राहिलं होतं. "बाबा, तुम्ही या घरात राहता, की तुम्हाला नुसतं सोफ्यावर ठेवलंय?"

मी म्हटलं, "हा तुझ्या आईचा प्रश्न आहे."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली. "तिला प्रश्न आहे. उत्तर द्यायला कोणी नाही."

बोलायला शिकवलं कोणी हिला? मीच.

गुरुवार, २१ मार्च

आज डॉक्टरबाईंनी गाडी ठोकली. सांगण्यासारखं फार नाही, दिव्याचा खांब आणि आमचा मागचा दरवाजा. रिव्हर्स घेत होत्या. मला खांब दिसत होता. त्यांना आरशात तो दिसेल, आत्ता दिसेल, आता तरी दिसेल, म्हणून मी वाट बघत राहिलो. शेवटी खर्रकन आवाज आला तेव्हा तो दोघांनाही कळला.

त्या उतरल्या, दरवाजा पाहिला, मग माझ्या खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्हाला खांब दिसत होता?"

"हो."

"पायाखाली ब्रेक होता?"

"होता. पण माणसाने स्वतःचं स्वतः..."

"अहो, एकटीनेच आपटायचं असतं तर मी घरची गाडी काढून फुकटात आपटले असते! तुम्हाला शेजारी बसवलंय कशाला? शोभेला?" रस्त्यावरचे दोघे थांबले. बाई थांबल्या नाहीत. "उद्या मी पेशंटला म्हणाले, दात तुमचा, तुम्हीच ठरवा कुठला काढायचा, तर चालेल? मला दिसतंय ते मी सांगते. मग ऐकायचं की नाही ते त्याचं त्याने बघावं. पण सांगते!"

सोनाराने कान टोचायचे म्हणतात. माझे दातांच्या डॉक्टरने टोचले.

पोचा काढून मिळेल. पण त्या 'शोभेला'चा ठसका अजून जात नाही.

शुक्रवार, २२ मार्च

आजचं सगळं लिहून ठेवतो, क्रमाने.

गाडी गॅरेजमधून आली ती विमानतळाच्या बाजूने, म्हणून हिला घ्यायला थेट तिच्या शेडमध्ये गेलो. ही शेडबाहेर, दाराकडे पाठ करून उभी. आत तिचे जुने सहकारी, त्यांना सगळे काका म्हणतात, विमानाच्या शेपटीत अर्धे शिरले होते. मी विचारलं, "तू बाहेर काय करतेस?"

"शेपटीची तार बदलली मी. काका तपासतायत."

"मग आत थांब की. सांग त्यांना काय केलंस ते."

"तेच करायचं नसतं. मी समोर असले की ते मी दाखवीन तिथेच बघणार. त्यांनी त्यांच्या डोळ्यांनी बघायचं, हात लावून, पहिल्यापासून. मग दुसरी सही. एकाच्या सहीवर विमान उडत नाही. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही ना, म्हणून."

मी गंमत केली. "म्हणजे काकांचा तुझ्यावर विश्वास नाही."

ही हसली नाही. "विश्वास आहेच. पण विश्वासावर सही करून चालत नाही. आमच्याकडे एक होता. फार चांगला माणूस. तुम्ही केलंय म्हणजे झालंच असेल ताई, म्हणायचा, आणि न बघता सही ठोकायचा. त्याला काढलं. मीच तक्रार केली होती."

"चांगल्या माणसाची?"

"चांगल्या माणसाची."

आतून काकांनी आवाज दिला. एक नट सुटू नये म्हणून बांधलेल्या तारेचा पीळ त्यांना कमी वाटत होता. ही आत धावली. अपमान वगैरे काही नाही, चेहरा उलट उजळला. "बघू, बघू. हो की! बरं झालं." पुन्हा पीळ घातला, काकांनी पुन्हा पहिल्यापासून बघितलं, मग सही.

परतताना गाडीत हिने मागच्या दरवाजाचं विचारलं. मी डॉक्टरबाईंचा किस्सा सांगितला, 'शोभेला'सकट. ही खूप हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "मी 'नाही' का कळवतेय, हे तुम्ही विचारलं नाहीत."

माझ्या तोंडात आयतं होतं. "तुझा निर्णय..."

"थांबवा गाडी."

मी थांबवली. शेताच्या कडेला, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर. सवय.

"मी पहिल्या दिवशी तुम्हाला विचारलं ना, काय वाटतं, तेव्हा मला परवानगी नको होती," ही म्हणाली. "मला दुसरी सही हवी होती. माझं मलाच दिसत नव्हतं, म्हणून तुमचे डोळे मागत होते. तुम्ही न बघता सही केलीत. नकाशा आणला, बघितला नाहीत. चला म्हटलं, आला नाहीत. हँगरचं सांगायला लागले, तर झाडांना पाणी. मी हो म्हणायच्या बेतात होते तेव्हाही 'तुझा निर्णय', नाही म्हटलं तेव्हाही 'तुझा निर्णय'. मग मी म्हटलं, ज्या माणसाला एवढंही बघावंसं वाटत नाही, त्याचं घर कशाला उपटायचं?"

मी म्हटलं, "अगं, मी तुझ्यावर ओझं नको म्हणून..."

"कळतं मला. चांगले आहात तुम्ही," ही म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. "फार चांगले."

मला रडू आलं. लिहायला लाज वाटत नाही. मी एवढा जपून, एवढा अभिमानाने पाय उचलून बसलो होतो, आणि शेजारी ही एकटीच खांबावर आपटायला चालली होती.

घरी आल्यावर नकाशा कुठे आहे विचारलं. कपाटावर होता. टेबलावर पसरला, वाट्या मीच ठेवल्या. रविवारी जायचं, तिघांनी. गाडी मी चालवणार.

रविवार, २४ मार्च

उजाडताना निघालो. घरात दुसरी गाडी नाही, त्यामुळे ड्रायव्हिंग स्कूलचीच काढली. टपावर पाटी, मागे लाल अक्षरात 'शिकाऊ चालक, अंतर ठेवा'. मी ड्रायव्हरच्या जागी, ही शिकवणाऱ्याच्या जागी, पायाखाली माझा दुसरा ब्रेक. टिटवी मागे, नकाशा घेऊन.

शहराच्या वेशीपर्यंत मी राजा होतो. मग तो सहा रस्त्यांचा चौक आला. सहाही रस्त्यांवरून लोक असे येतात, जणू बाकीचे पाच नाहीतच. मी माझ्या पद्धतीने थांबलो, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे, आणि तोपर्यंत मागे हॉर्नची जत्रा जमली. गाडी बंद पडली. माझी! मी चालवताना! शेजारच्या टेम्पोवाल्याने खिडकीतून पाटी वाचली, मला पाहिलं, मग हिला म्हणाला, "बाई, नीट शिकवा की त्यांना. या वयात एवढं ट्रॅफिक झेपत नाही."

ही म्हणाली, "शिकवतेय हो. पण डोक्याने जड आहेत."

टिटवी मागे आडवी झाली हसून. मी घामाघूम. गाडी सुरू केली, चौकाला एक फेरी मारली, रस्ता चुकला, दुसरी फेरी मारली, पुन्हा चुकला. टेम्पोवाला एव्हाना माल उतरवून परत निघाला असेल. तिसऱ्या फेरीला ठरवलं, काही झालं तरी आता डावीकडे घुसायचं. घुसलो. आणि गाडी जागच्या जागी गचकन थांबली. हिने ब्रेक दाबला होता. समोर पाटी होती, प्रवेश बंद, आणि तिकडून बस येत होती.

बस हॉर्न वाजवत बाजूने निघून गेली. मग ही म्हणाली, "दिसलं, म्हणून दाबला."

मी म्हटलं, "बरं केलंस." आणि मनापासून म्हटलं. इतक्या वर्षांत माझ्या गाडीत तो ब्रेक कोणी दाबला असेल तर तो हिनेच, आणि माझ्यावर.

त्यानंतर मात्र मी गाडीत पाठ टेकली नाही. पुढे काय येतंय, मागे कोण, कुठला मधेच वळेल, सगळीकडे डोळे. दोन तासांत अर्धं शहर पालथं घातलं. दुपारी जेवायला थांबलो तेव्हा टिटवी म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवताना हातांनी गिअर टाकताय."

मग मी काकांसारखं काम केलं. चार घरं पाहिली. नळ सोडून पाहिले, खिडक्या उघडून पाहिल्या. एका स्वयंपाकघराची खिडकी थेट शेजारच्या भिंतीवर उघडते. एका घराचे जिने असे, की आपला सोफा वर जाणार नाही. टिटवी म्हणाली, मग बाबांना कुठे ठेवायचं? हँगर पाहिला, बाहेरच्या जाळीतून, सुट्टी होती म्हणून. विमानाची शेपटी दिसली. ही जाळीला बोटं अडकवून उभी राहिली. या वेळी मी तिथून हललो नाही. तिच्या शेजारी उभा राहून तिचा चेहरा बघितला, पोटभर.

निघताना गाडी एका झाडाखाली लावली आणि म्हटलं, "ऐक. मी बघितलंय, आता सांगतो. मला इथे यायचं नाही."

हिने खिडकीची काच वर केली.

"मला भीती वाटते. गावात मला सगळे मास्तर म्हणतात. इथे टेम्पोवाला मला शिकाऊ म्हणाला आणि त्याचं बरोबर होतं. आवाज फार आहे. घरं लहान आहेत. मी शिकवलेले सगळे तिथे आहेत. तू नाही म्हणालीस त्या दिवशी मी दुप्पट जेवलो. हेही सांगतो."

"मला माहितेय," ही म्हणाली. "भात संपला होता."

"आणि आता दुसरं. तुझ्यासारख्या बाईने अडीच विमानं बघत निवृत्त व्हायचं, हे चूक आहे. तू नाही म्हणतेस त्याला एकच कारण आहे, मी. आणि कारण म्हणून मी एवढा काही चांगला नाही. 'नाही' कळवू नकोस."

"तुम्ही याल?"

"येईन."

मला वाटलं रडेल. तर हिने पर्स उघडून रुमाल काढला आणि माझ्याच कपाळावरचा घाम पुसला. पंधरा-वीस दिवसांत तिचा चेहरा पहिल्यांदा सैल पडलेला दिसला, आणि तोही मी यायचं नाही म्हटल्यावर. बायकांचं काही खरं नाही, असं लिहिणार होतो. पण आता कळतं थोडं.

परतीच्या वाटेवर टिटवी झोपली. मी तो चौक त्यांना समजावून सांगत होतो, कुठल्या लेनमध्ये आधी यायला हवं होतं ते. म्हणजे हिला सांगत होतो. ती नुसती ऐकत होती.

बुधवार, २७ मार्च

दोन दिवस झाले, हिने अजून कळवलेलं नाही. आज विचारलं तर म्हणते, "तुमचं 'येईन' तपासायचंय मला."

"त्यात काय तपासायचं? आलो म्हणजे आलो."

"ते तुमचं काम आहे. तुम्हीच केलंत, तुम्हीच पास केलंत. चालत नाही." ती समोर बसली, तसाच चेहरा, जसा काकांचा शेपटीतून बाहेर येताना होता. "का येताय? माझं नाव न घेता सांगा."

मी आधी टिटवीचं कॉलेज म्हटलं. "तिचंही नाव नाही," ही म्हणाली. माझी ड्रायव्हिंग स्कूल चांगली चालेल म्हटलं. "खरं?" हिने विचारलं. खरं नव्हतं, निदान मला माहीत नव्हतं.

"माझ्यासाठी येताय, हे मला आवडलं. खोटं नाही बोलत," ही म्हणाली. "पण तेवढ्यावर पाच वर्षं निघत नाहीत. एके दिवशी पाण्याचा टँकर येणार नाही, शेजारी भांडेल, आणि तुम्ही मनात म्हणाल, हिच्यापायी. आणि बोलणार नाही. तुमचं ते गप्प बसणं मी त्या शहरात नाही सोसणार."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं आहे. पण मी हटणार नाही. परवापर्यंत वेळ आहे, पुढचे शनिवार-रविवार कंपनी धरत नाही. मला सापडलं पाहिजे.

सकाळी डॉक्टरबाईंच्या वेळी मी ब्रेक एकदा दाबला. बाईंनी माझ्याकडे चमकून पाहिलं. म्हटलं, "डावीकडे सायकल होती. आरसा आधी बघा, मग चाक वळवा." त्या म्हणाल्या, "आवाज आहे की तुम्हाला!" रिव्हर्स आज सरळ आला.

शुक्रवार, २९ मार्च

कारण सापडलं. शोधायला कुठे लांब जावं लागलं नाही. काल शेवटच्या शिकवणीनंतर गावातून गाडी आणत होतो. नेहमीचे रस्ते, नेहमीचे हात. पोस्टाचा कोपरा मी कधी वळलो, मला आठवेना. गाडी घरासमोर उभी होती आणि मी ती चालवल्याचं मला काही आठवत नव्हतं. कुत्रा धावला असेल की नाही, तेही नाही.

आज हिच्यासमोर बसून सांगितलं. "तो चौक."

"कुठला?"

"सहा रस्त्यांचा. मला तो नीट घ्यायचाय. एका झटक्यात, हॉर्न न खाता. तिथे माझी फजिती झाली ना, तेव्हा मला घाम फुटला, पण मी जागा होतो. इथे मी झोपेत शिकवतो. गेली कित्येक वर्षं. मला तो चौक शिकायचाय, आणि मग तो इतरांना शिकवायचाय. तू आलीस तर तुलाही घेऊन जाईन."

ही माझ्याकडे बघत राहिली. मी या वेळी भारावली वगैरे काही समजलो नाही. नुसती वाट बघितली.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली. मी पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. तिने मधे दोन-तीन प्रश्न घातले, चावट आणि नेमके. टेम्पोवाला पुन्हा भेटला तर? त्याला विचारीन, तू कुठल्या लेनमधून येतोस. शिकायला कोणी आलंच नाही तर? मग मी शिकेन, तोवर. हे म्हणताना मला हसू फुटलं, तिलाही फुटलं, आणि ती म्हणाली, "झालं. हे चालेल."

मग तिने लॅपटॉप उघडून उत्तर लिहिलं. छोटंच होतं. लिहून झालं तशी बोट बटणावर नेऊन म्हणाली, "पाठवते हं."

"थांब."

मी चष्मा लावला. तिला म्हटलं, तू जरा बाहेर जा. ती खरंच उठून गॅलरीत गेली आणि पाठ करून उभी राहिली. मी पहिल्या ओळीपासून वाचलं, बोट ठेवून, शब्द न् शब्द. आभार ठीक. हुद्दा ठीक. नाव ठीक. शेवटून दुसऱ्या ओळीत थांबलो. रुजू होण्याचा महिना हिने जुलै लिहिला होता. कंपनीने जून दिला होता.

हाक मारली. ती आली, वाकून पाहिलं. "अगंबाई! मी चारदा वाचलं हो. दिसलंच नाही."

तिने दुरुस्त केलं. मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग म्हटलं, "आता पाठव."